शटडाउनवरचे अमेरिकन लेट नाइट शो: काय बघायचं, काय सोडायचं

अमेरिकेत रात्री उशिरा टीव्हीवर लागणाऱ्या, राजकारणाची खेचणाऱ्या या शोंच्या क्लिप्स यूट्यूबवर फुकट आहेत, तिकडे रात्री शो लागतो तेव्हा इथे मालवणात सकाळ असते, त्यामुळे जेवणाच्या वेळेपर्यंत ताजं सगळं मिळतं. पण नुसतं हसायला बघत असाल तर अर्धी मजा गेली.

आधी एवढं माहीत हवं. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोपर्यंत काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने पैसे मंजूर केले नाहीत तर बरीच सरकारी ऑफिसं बंद, हाच शटडाउन, आणि सिनेटमध्ये म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात असं बिल पुढे न्यायला बहुतेक वेळा १०० पैकी ६० मतं लागतात म्हणून एकटा पक्ष अडकतो. आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान म्हणजे तात्पुरती खर्चमंजुरी घेतात आणि लोकसभेनेच पैसे नाकारले तर सरकारच जातं, म्हणून असली कोंडी होत नाही.

माझ्या मते सगळ्यात भारी काम जिमी किमेल या शोवाल्याने केलं, जानेवारी २०१९ मध्ये. ट्रम्पना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते, त्यावरून २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस कारभार अडला, साधारण ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. किमेलने काय केलं तर अशा बिनपगारी माणसांना रोज एकेकाला शोवरच काम दिलं. टीव्हीवर खरा माणूस दिसला की मग भाषणबाजी लागत नाही. त्याच वेळी तिकडचं कोस्ट गार्डसुद्धा बिनपगारी ड्युटी करत होतं, कारण ते संरक्षण खात्यात नाही, होमलँड सिक्युरिटीत म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या खात्यात येतं, आणि त्या खात्याचे पैसे अडले होते. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको, वादळात बोट अडकली की कोण येतं ते आपल्याला माहितीय.

दुसरा शोवाला सेथ मेयर्स, त्याच्या शोमधलं 'अ क्लोजर लुक' हे सदर दुसऱ्या नंबरवर. लांब असतं पण कोण आधी काय बोलला आणि नंतर कसा पलटला हे क्लिपा लावून दाखवतो, २०२५ चा ४३ दिवसांचा शटडाउन आरोग्य विम्याच्या सबसिडीवरून होता हे डोक्यात बसायला असलंच काहीतरी लागतं.

बाकीच्यांच्या मोनोलॉगमध्ये म्हणजे सुरुवातीच्या एकट्याच्या बोलण्यात मात्र पुढाऱ्यांचे केस, चेहरा, आवाज यावरच अर्धा वेळ जातो आणि मला ते खरंच पटत नाही. आपल्या दशावतारातला संकासुर मध्यरात्री गावातल्या कारभाऱ्यांची खेचतो ना, तेव्हा तो रस्ता, पाणी, पैसे कुठे गेले ते बोलतो, म्हणून लोक उठून जात नाहीत. शटडाउनमध्येही खासदारांचा पगार चालूच राहतो आणि विमानतळावरचा तपासणीवाला तेवढे दिवस बिनपगारी राबतो, जोक यावर हवा.

मी पाचपैकी चार देईन, तो एक मार्क त्या केसांच्या जोकांनी घालवला. सुरुवात किमेलच्या २०१९ च्या क्लिप्सपासून करा, सबटायटल्स इंग्रजीच ठेवा, ऑटोवालं मराठी भाषांतर लावलंत तर जोक मरतो.