बालनाट्य शिबीर: पंधरा दिवस उत्तम, शेवटचे पाच दिवस बेताचे

पुण्याच्या उपनगरात आमच्या भागातील एक स्थानिक नाट्यसंस्था दर मे महिन्यात महापालिकेच्या शाळेच्या सभागृहात २० दिवसांचे बालनाट्य शिबीर घेते. या वर्षी माझी नऊ वर्षांची मुलगी आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा अकरा वर्षांचा मुलगा, असे दोघे जण तिथे गेले. पुढे काही तक्रारी मांडल्या आहेत आणि त्या मी संचालकांना समक्ष सांगितल्या आहेत, त्यामुळे संस्थेचे नाव येथे घेत नाही. अशी शिबिरे आता बहुतेक शहरांत भरतात. मुलांना कुठे घालावे याचा विचार करणाऱ्या पालकांना हा अनुभव उपयोगी पडावा.

‘बालनाट्य’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी बसवतो, हे मला या निमित्ताने प्रथमच नीट उमगले. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले, ते प्रामुख्याने मुलांना उत्तम नाटक पाहायला मिळावे म्हणून. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या बालनाट्यसंस्थेची जी चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात रुजवली, तिच्यात तर मुलांच्या भूमिकाही मोठी माणसेच करतात. या दोन्ही ठिकाणी मूल प्रेक्षक असते. याउलट ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या संकल्पनेतून २०१४ पासून सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधील मुले स्वतःच्या जगण्यातून नाटुकली उभी करतात. आमचे शिबीर या दुसऱ्या वाटेवरचे आहे, निदान पहिले पंधरा दिवस तरी होते.

पहिल्या आठवड्यात संहितेचा एक कागदही कोणाच्या हाती दिला गेला नाही, आणि शुल्क भरलेल्या आम्हा पालकांत त्यावरून थोडी चुळबुळही झाली. मुले गोलात उभी राहून आपले नाव एखाद्या हालचालीसह सांगत, जोडीने आरशाचा खेळ खेळत, तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालल्यासारखी सभागृहभर चालत आणि ओरडल्याशिवाय शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोहोचवायचा याचा सराव करत. त्यानंतर प्रशिक्षक ताईंनी प्रत्येकाला घरातले किंवा गल्लीतले एक भांडण सांगायला लावले. त्या सगळ्या भांडणांतून पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेचे निवडले गेले आणि त्याचे २० मिनिटांचे नाटक मुलांनी बोलता बोलता रचले. ताईंनी फक्त लिहून घेतले.

मूळ भांडण वॉचमनकाकांच्या मुलाने सांगितलेले होते. त्याचे बोलणे मराठवाड्याच्या वळणाचे आहे. ‘टँकर आला न्हाई की आमी साळंत जात न्हाई,’ हे त्याचे वाक्य ऐकून काही मुले हसली, आणि त्यांत आमची कन्याही होती, हे कबूल केले पाहिजे. ताईंनी त्यावर बोधपर भाषण केले नाही. त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे नाटकात ठेवले आणि त्या मुलाच्या आईची भूमिका माझ्या मुलीला दिली. आता ती बोली तिला त्याच्याकडूनच शिकणे भाग होते. जवळजवळ आठवडाभर संध्याकाळी जिन्यात बसून तो तिचे उच्चार दुरुस्त करत असे, आणि ते त्याने फार कडक मास्तरासारखे केले.

ज्यांना एकही वाक्य नव्हते अशा रांगेतल्या मुलांकडेही ताईंचे लक्ष होते. नुसते उभे राहायचे नाही, आपल्या हंड्यात किती पाणी मावते आणि घरी किती माणसे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक हवे, असे त्यांचे सांगणे होते. त्या रात्री माझ्या मुलीने माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढायला लावला, तपेलीने मोजून १५ लिटर पाणी त्यात भरले आणि तो तिला जमिनीवरून उचलताही आला नाही. दुसऱ्या दिवसापासून रिकामा हंडा उचलतानाही तिची कंबर आपोआप वाकू लागली. शाळेतल्या नाट्यछटेच्या पाठांतरातून हे आले नसते.

शेवटच्या पाच दिवसांत मात्र सूर बदलला. प्रयोग ‘बसवण्यासाठी’ बाहेरून एक दिग्दर्शक आले आणि सभागृहात आवाज पोहोचत नाही या कारणाने सर्व संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मुलांनी त्यावर फक्त ओठ हलवावेत, असे ठरले. अडचण खोटी नव्हती: पत्र्याचे छप्पर, घरघरणारे पंखे, दोनच माइक आणि समोर चारशे प्रेक्षक. परंतु आवाजावर आठवडाभर घेतलेले कष्ट एका दुपारीत वाया घालवण्यापेक्षा शंभर-शंभर प्रेक्षकांचे चार छोटे प्रयोग करता आले असते. प्रयोगात टाळ्या पडल्या तेव्हा मुले थांबली, ध्वनिफीत थांबली नाही, आणि वॉचमनकाकांच्या मुलाचा आवाज त्याच्या आधी दोन पावले पुढे निघून गेला. दोष केवळ संस्थेचा नाही. ‘शेवटी काय दाखवणार?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आम्ही पालकच विचारत होतो.

व्यवहाराचेही थोडे. शुल्क १,८०० रुपये होते आणि वस्तीतील मुलांकडून ते घेतले जात नव्हते. कोणी पैसे भरले आणि कोणी नाही, हे मुलांना शेवटपर्यंत कळले नाही, ही फार चांगली गोष्ट. मात्र वेशभूषेचे ६०० रुपये ऐनवेळी सर्वांकडून मागितले गेले, तेव्हा ती गुप्तता आपोआप फुटली. टँकरच्या रांगेसाठी घरातले जुने कपडे पुरले असते. ३४ मुलांना दोनच प्रशिक्षक होते, हेही कमीच.

संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचे शिबीर जाहीर केले आहे. दोन्ही मुलांची नावे मी नोंदवली आहेत. या वेळी संवाद ध्वनिमुद्रित केले जाणार नाहीत, असे संचालकांनी तोंडी सांगितले आहे. तेवढे पावतीच्या मागे लिहून द्यावे, अशी विनंती मी केली आहे.