टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) समजून घ्यायचंय? लीन ४ टाकून बघा (टीई, म्हणजे थर्ड इयर इंजिनीअरिंगच्या, कॉम्प्युटरवाल्यांसाठी रिव्ह्यू)

पुणे युनिव्हर्सिटीच्या टीई कॉम्प्युटरला टीओसी आहे, आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमध्ये प्रूफ म्हणजे चार ओळी की संपलं, म्हणून मी लीन ४ टाकलं. ही प्रोग्रॅमिंग लँग्वेजच आहे, फक्त यात प्रूफ लिहायचं आणि एखादी पायरी गाळली तर कंपाइलच होत नाही. फुकट आहे, व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन मिळतं, पण मॅथलिब ही लीनची गणिताची लायब्ररी काही जीबीची आहे, हॉस्टेलच्या वायफायवर रात्री लावून झोपा.

आता खरी मजा. मॅथलिबमध्ये डीएफए (डिटरमिनिस्टिक फायनाइट ऑटोमॅटन, स्ट्रिंग एकेक अक्षर वाचत स्टेट बदलून शेवटी हो किंवा नाही सांगणारं मशीन) म्हणजे स्टेप फंक्शन, स्टार्ट स्टेट आणि अ‍ॅक्सेप्ट स्टेट्सचा सेट, बास. स्टेट्स फायनाइट हव्यात ही अट त्या डेफिनिशनमध्ये नाहीच! एनएफएचा (एकाच अक्षरावर अनेक स्टेट्समध्ये जाऊ शकणारं तसंच मशीन) डीएफए करायचं प्रूफ बघा (रेबिन आणि स्कॉटची १९५९ ची सबसेट कन्स्ट्रक्शन), तिथे पण ती कुठेच लागत नाही. पंपिंग लेमाला (पुरेशा लांब स्ट्रिंगचा एक तुकडा कितीही वेळा रिपीट केला तरी ती लँग्वेजमध्येच राहते) आलात की मात्र लीन अडून बसतं, आधी स्टेट्स फायनाइट आहेत ते दे म्हणतं, कारण स्ट्रिंग स्टेट्सच्या संख्येएवढी लांब झाली की कुठलीतरी स्टेट परत येणारच आणि तोच मधला तुकडा पंप होतो. कुठली अट नेमकी कुठे कामाला येते हे इतकं स्वच्छ मला कुठल्याच नोट्समध्ये दिसलं नव्हतं, खरंच भारी वाटलं. एनएफएचा लेमा तिथे डीएफएवरून काढलाय म्हणून ५ स्टेट्सना लांबी ३२ (५ स्टेट्सचे सगळे सबसेट, २^५) मागतो, पण एनएफएमधला पाथ धरून विचार केला तर ५ पण पुरते, ते स्वतः सिद्ध करायला घ्या.

कमी काय, तर एरर मेसेज सुरुवातीला डोक्यावरून जातात, आणि लीन डायग्राम काढत नाही, पेपरात तर डायग्राम आणि ट्रान्झिशन टेबलच लागतं. त्यासाठी जेफ्लॅप (ऑटोमॅटा काढून त्यावर स्ट्रिंग चालवायचं सॉफ्टवेअर) चांगलं आहे, पण त्यात दहा स्ट्रिंग चालवून बघितल्या म्हणजे सगळ्या स्ट्रिंगसाठी सिद्ध झालं असं नाही ना.

माझ्याकडून ५ पैकी ४. सुरुवात कॉम्प्लिमेंटपासून (लँग्वेजमध्ये नसलेल्या सगळ्या स्ट्रिंग्स) करा, डीएफए तोच ठेवून अ‍ॅक्सेप्ट सेट उलटा करायचा, प्रूफ छोटं आहे. मग तेच एनएफएवर करून बघा, तिथे गोल (सिद्ध करायचं विधान) सुटणारच नाही, आणि का सुटत नाही ते दोन स्टेट्सचा एनएफए कागदावर काढून शोधा.