जुना स्कॅन शेजारी ठेवून बघणारं मिरजेतलं सीटी सेंटर

2023 मध्ये आमच्या ह्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागातली कॅन्सरची गाठ काढली, मग केमो झाली. तेव्हापासून रक्तातलं सीईए (आजार उलटला तर बहुधा वाढणारा घटक) आणि ठरलेल्या वेळी छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी असं चक्र सुरू आहे. हा आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि दुसरीकडे पसरला तर जास्त करून लिव्हरमध्ये नाहीतर फुप्फुसात दिसतो. तिथली गाठ लहान असताना सापडली तर पुष्कळदा पुन्हा ऑपरेशन करून काढता येते. म्हणून ह्यांनी कितीही कंटाळा केला तरी मी तारीख चुकू देत नाही.

आधी आम्ही दुसरीकडे जायचो. तिथल्या शेवटच्या रिपोर्टात लिव्हरमध्ये आठ मिलिमीटरचा ठिपका लिहिला होता आणि पुढे फक्त ‘नक्की सांगता येत नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य. जुनी सीडी आम्ही काउंटरवर दिली होती. ती कुणी उघडलीच नव्हती. घरात चार दिवस चूल पेटली तेवढीच, जेवलं कुणीच नाही.

सर्जननी मिरजेतल्या या सेंटरला पाठवलं. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला: क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट आहे ना, कशाची ॲलर्जी, दमा, शुगरची कुठली गोळी चालू आहे. ह्यांना मेटफॉर्मिन आहे. किडनी ठीक असल्यामुळे बंद करावी लागली नाही, पण विचारलं हे महत्त्वाचं. आणि शेवटी, “आधीचे सगळे स्कॅन आणा, फिल्म नको, सीडीच आणा.”

स्कॅनला तसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधी ते औषध मिसळलेलं पाणी थोडं थोडं पिण्यात. केमोनंतर ह्यांच्या शिरा सापडत नाहीत, पण तिथल्या सिस्टरनी गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवली आणि एकाच टोच्यात सुई लावली. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, सोडण्याआधी टेक्निशियन मुलगा म्हणाला, “काका, आता अंगात एकदम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरू नका.” एवढं आधी सांगितलं की माणूस मशीनमध्ये शांत पडून राहतो, आणि शांत पडला की चित्र हलत नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेलो तर रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आत बोलावलं. स्क्रीनवर डावीकडे ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन, उजवीकडे कालचा, दोन्ही एकाच वेळी खाली सरकवत नेले. लिव्हरमधला तो ठिपका डावीकडेही होता, त्याच जागी, तेवढाच, कडा अगदी स्वच्छ. पाण्याची साधी गाठ. मग आतडं जोडलेली जागा दाखवली. तिथे स्टेपलचे पांढरे टिपके गोलाकार दिसतात आणि भिंत थोडी जाड. ऑपरेशनचा व्रण आणि उलटलेला आजार एका चित्रात सारखेच दिसू शकतात, म्हणाल्या. व्रण तसाच राहतो किंवा आक्रसतो, गाठ वाढते. ही वाढ दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कशी? रिपोर्टातही त्यांनी कुठल्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली ते पहिल्याच ओळीत लिहिलं. मला विचाराल तर सेंटर निवडताना मशीन किती स्लाइसचं यापेक्षा ही ओळ बघा.

आमच्या भाऊजींचा पेट सीटीचा, म्हणजे गाठ चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनचा, आग्रह होता. या सेंटरकडे पेटही आहे, लावून बिल मोठं करता आलं असतं. मॅडमनी सरळ सांगितलं की नेहमीच्या तपासणीला पेट लागत नाही. सीईए वाढतंय आणि सीटीत काही सापडत नाही, अशा वेळी त्याचा खरा उपयोग. त्यात साखरेसारखं औषध देतात, ते गाठ ओढून घेते तशी नुसती सूजसुद्धा ओढते, आणि काही चिकट प्रकारच्या गाठी चमकतच नाहीत. शिवाय स्कॅनमध्ये जोडाची आतली बाजू नीट कळत नाही, त्यासाठी कोलोनोस्कोपी वेगळी करावीच लागते, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. आमची पहिली ऑपरेशनला वर्ष झाल्यावर झाली, पुढची तीन वर्षांनी आहे.

तक्रारी आहेत. एवढं पाणी प्यायला लावतात आणि पेशंटसाठी संडास एकच, तोही जिना उतरून. पोटाला टाके असलेल्या माणसाला ते जमत नाही, त्यांनी वर सोय करायलाच हवी. उपाशी आलेल्या लोकांना वेळेच्या बऱ्याच नंतर आत घेतात. शुगरच्या पेशंटनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, मागितली की देतात. सीडी मात्र आपणहून देत नाहीत, काउंटरवर सांगा, आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर उघडते का ते बघून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.