बेटाखालचं कवच: पायी मोजावं, जहाजातून की उपग्रहावरून?

नाशकात भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या भाचीचा प्रश्न: "मामा, प्रबंधाला लक्षद्वीप घेऊ का? मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, मिळतोय." यंत्र मिळतंय म्हणून विषय ठरवायचा, हे मला पटत नाही. बेटाखालचं भूकवच चुंबकीय मोजणीने तपासायचं, तर यंत्र खडकापासून किती लांब, या अंतराचा हिशेब आधी करायला हवा.

पायी मोजणी सगळ्यात जवळची, म्हणून सगळ्यात चांगली, असं वाटतं. पण नाशिकजवळच्या अंजनेरीच्या बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन चाला. चार पावलांत आकडा शेकडो नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) उडू शकतो, कारण लाव्हा निवताना त्या काळचं क्षेत्र त्यात गोठलेलं असतं. हिंदी महासागरातल्या रियुनियनसारख्या ज्वालामुखी बेटावरही तीच गत. पायाखालचा दगडच इतका गोंगाट करतो की दहा किलोमीटर खालचं काही कळत नाही. लक्षद्वीपला हा त्रास कमी. तिथला प्रवाळी चुनखडक जवळपास अचुंबकीय, बेसाल्ट त्याच्या बराच खाली. मोह पडतो तो इथेच. मात्र सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि खोलवरचं शोधायला खोलीच्या कितीतरी पट लांब मोजणीची रेषा लागते. शिवाय चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे आडवं असतं ती रेषा) जवळ असल्याने दुपारी क्षेत्राचा चढउतार मोठा. तो वजा करायला बेटावर एक यंत्र कायम एका जागी ठेवावंच लागेल.

जहाजाला रेषेची वाण नाही. जहाजाच्या लोखंडापासून लांब, दोरावर ओढलेला संवेदक शेकडो किलोमीटर मोजत जातो. व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला तो हिंदी महासागराच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या अशाच मोजणीवरून. उणीव एकच: प्रवाळाच्या उथळ पाण्यात जहाज शिरत नाही, म्हणजे नेमकं बेटाखालीच भोक. ते विमानाने बुजतं, पण विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचं काम.

उपग्रहाची माहिती फुकट. युरोपीय अंतराळ संस्थेने स्वॉर्म मोहिमेचे तीन उपग्रह पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला २०१३ मध्ये सोडले, साधारण साडेचारशे ते सव्वापाचशे किलोमीटर उंचीवर. तिथून दोनेकशे किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी पुसट होतात. एकटं बेट विसरा.

माझं मत: जहाजांच्या जुन्या रेषा घ्याव्यात, आणि जोडीला ईमॅग-२ हा तयार जागतिक चुंबकीय नकाशा, तोही तिसऱ्या आवृत्तीतला. आधीच्या आवृत्तीत मोकळ्या जागा समुद्रतळाच्या वयावरून अंदाजाने भरल्या होत्या. त्यावर निष्कर्ष काढला तर आपण दुसऱ्याचा अंदाजच 'शोधून' काढू. आणि कवचाची जाडी चुंबकीय मोजणीतून सांगते म्हणू नये. खोल जावं तसं तापमान वाढतं, आणि ५८० अंश सेल्सिअसपुढे मॅग्नेटाइट या खडकातल्या लोहखनिजाचं चुंबकत्वच जातं, त्याखालचं काही दिसत नाही. जाडीला भूकंपलहरी आणि गुरुत्व हवं.

यंत्राचा सराव करायचाच तर घरची अंजनेरी आहे. शनिवारी येताना पट्ट्याचं बक्कल आणि मोबाइल गाडीत ठेव, असं तिला सांगितलंय. हसली. विजेच्या ट्रामपायी मुंबईतल्या कुलाब्याची अख्खी चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.