तीन पदरी सुतळी: गाठींच्या शिल्पासाठी घ्यावी का?

वडोदऱ्याच्या जुन्या बाजारात 'शणनी दोरी' मागितली की समोर येते ती ज्यूटची तीन पदरी सुतळी. पोती शिवायला आणि पार्सल बांधायला केलेला माल, किलोवर विकला जाणारा. इथल्याच फाइन आर्ट्‌समध्ये चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी दोरीच्या गाठींतून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या, तेव्हापासून ही दोरी इथे कुणाला परकी नाही. उभ्या कामासाठी ती घ्यावी, रंगासाठी मात्र तिच्यावर फार विसंबू नये.

गुंडी घेताना टोक उलटं पिळून पदर सुटे करून बघा. तिन्ही सारखे जाड हवेत. एक बारीक असला की ताण उरलेल्या दोघांवर येतो आणि गाठ आवळताना दोरी नेमकी तिथेच तुटते. वरून अखंड दिसणाऱ्या गुंडीत आत चार-पाच जोड निघतात, तेव्हा गरजेपेक्षा थोडी जास्तच घ्या. पावसाळ्यात वजनावर घेणं तोट्याचं: ज्यूट साध्या हवेतही कोरड्या वजनाच्या 13-14 टक्के ओलावा धरतं, दमट गोदामात त्याहून जास्त. पाण्याचे पैसे कशाला द्यायचे?

रॉकेलसारखा वास येतो तो गिरणीत धागा मऊ करायला लावलेल्या तेलाचा. ते तेल काढल्याशिवाय रंग चढत नाही, चढला तर डाग पडतात. 1 किलो सुतळीची सैल लडी करून चार जागी ढिली बांधा (घट्ट बांधली की त्या जागा कोऱ्या राहतात). 20 लिटर पाणी, 30 ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा साबण. मंद आचेवर पाऊण तास. खळखळ उकळू नका, पदर सुटतात. सोडा वाढवला तर धागा ठिसूळ होतो. पाणी चहासारखं तांबूस झालं की समजा, काम होतंय.

डाळिंबाची साल आणि तुरटीने सुरेख मोहरीपिवळा येतो, पण उन्हाच्या खिडकीत तो तर उडतोच, शिवाय मूळ ज्यूटही पिवळट पडतं. भडक रंग हवा असेल तर सुती दोर घ्या. तो रंग छान घेतो, पण स्वतःच्या वजनाने लोंबतो.

तयार लांबीच्या आठपट दोरी तोडून मधोमध दुमडायची, म्हणजे 2 फुटांच्या दाट विणीला 16 फूट. गाठी कोरड्या दोरीच्या मारा. ओली दोरी फुगलेली असते. वाळून बारीक झाली की निरगाठसुद्धा ढिली पडते. उलट कोरडं बांधलेलं काम पावसाळ्यात आखडून सांगाड्यावर घट्ट बसतं, म्हणून सांगाड्याची सळई निदान 6 मिमीची हवी. तिला रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. उघडं लोखंड दमट सुतळीला गंज लावतं, आणि डाळिंबाच्या सालीचा रंग दिलेली असेल तर तिथे काळा डाग पडतो, जो पुढे सहजासहजी जात नाही.

आतल्या भरावाला मात्र ही दोरी वाया घालवू नका. तिथे काथ्याच बरा: कडक, ओल सोसणारा. गाठीला नको, हात सोलतो आणि गाठ धरतही नाही.