बाईंच्या पदराला लावायचा माइक: शालेय वर्षभराचा अनुभव

वर्गात बाईंचा आवाज थेट माझ्या मुलीच्या हिअरिंग एडमध्ये पोचवणाऱ्या माइकची क्लिप परवा तुटली, म्हणून लिहायला बसले. माइक ठणठणीत आहे, बॅटरी शाळा सुटेपर्यंत आरामात पुरते. पण सर्व्हिस सेंटर म्हणतं, क्लिप सुटी मिळत नाही, अख्खं युनिट पाठवा, दोन-तीन आठवडे लागतील. पंचवीस हजार मोजलेली वस्तू बोटभर प्लास्टिकपायी बंद ठेवायची? तेवढे दिवस मुलीने वर्गात काय ऐकायचं? मे महिन्याच्या सुट्टीआधी मी ती पाठवणार नाही.

मुलगी चौथीत आहे, दोन्ही कानांना मशीन. ज्यांच्या घरात हिअरिंग एड आहे त्यांना ठाऊक असेल, मशीन आवाज वाढवतं, तसा गोंगाटही वाढवतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर्गात त्यावर पंखे, बाकांची सरकासरक आणि फरशी-भिंतींचा घुमारा. अमेरिकेतलं मानक सांगतं की रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा. आमच्या वर्गाच्या खिडक्या एसटी स्टँडकडे उघडतात! यात आधी हरवतात ते स, श, फ. तोंडी गणितात बाई ‘साठ’ म्हणायच्या, ही ‘आठ’ लिहायची आणि पुढचं अख्खं गणित बरोबर सोडवायची. त्यावर आम्हाला सल्ला मिळाला होता की गणित कच्चं आहे, शिकवणी लावा.

माइक बाईंच्या तोंडापासून वीतभर असतो, आवाज थेट मशीनमध्ये येतो. साठ-आठचा घोळ लगेच थांबला. याचे पूर्ण गुण.

आता क्लिप. ती शर्टाच्या कॉलरसाठी बनवली आहे. पदराला लावली की माइक कलंडतो आणि पदर घासून खरखर येते. दोरीने गळ्यात अडकवला तर मंगळसूत्र आपटतं, आणि ती टकटक दिवसभर माझ्या मुलीच्या कानात. आपल्याकडे विकायला आणण्याआधी साडी नेसलेल्या एका तरी शिक्षिकेला तो लावून पाहायला हवा होता. शेवटी बाईंनीच तोड काढली. खांद्यावर निऱ्यांना पिन लावतात, तिथे सुती पट्टी शिवून त्यावर माइक बसवला. खरखर जवळजवळ गेली.

दिवाळीपर्यंत मी याला पाचपैकी तीनच दिले असते, कारण बाई ऐकू यायच्या, बाकीची मुलं नाही. मग बाईंनी वाचनाच्या तासाला माइक वाचणाऱ्या मुलाच्या हातात द्यायला सुरुवात केली. एके दिवशी घरी येऊन मुलीने मागच्या बाकावरचा मुलगा जोडाक्षरांवर कसा अडखळतो ते करून दाखवलं. वर्गातल्या मुलांबद्दल तिने आपणहून काही सांगितलं, ते पहिल्यांदाच. त्या दिवसापासून माझे साडेचार. आणि या काढ-घालीतच क्लिप गेली. दिवसभर एका जागी राहील, एवढ्याच हिशेबाने ती केली असावी.

घेणार असाल तर दुकानातल्या शांत खोलीत ठरवू नका, तिथे सगळंच छान ऐकू येतं. ऑडिओलॉजिस्टकडून (कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून) ट्रायलसाठी मागून घ्या आणि चालू वर्गात वापरून बघा. आपल्या मशीनच्या मॉडेलशी जुळतो का, हेही आधीच विचारा, कारण एका कंपनीचा माइक दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बहुतेक वेळा चालत नाही.