तालमीतले सुरक्षा शिबिर : एक अभिप्राय

गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापुरातील आमच्या पेठेतल्या एका तालीम मंडळाने परिचारिका, ट्रॅक्टरमालक आणि व्यापारी यांना सोबत घेऊन अपघात-प्रतिबंधाचे मोफत शिबिर भरवले होते. इजा टाळण्याचे काम स्थानिकांनीच एकत्र येऊन करावे, हा 'सुरक्षित समुदाय' चळवळीचा विचार १९८९ च्या स्टॉकहोम परिषदेत मांडला गेला; तालमीला तो नव्याने शिकवावा लागत नाही.

सर्वांत सरस ठरले ते ऊस वाहतुकीचे सत्र. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसामुळे मागचा दिवा झाकला जातो आणि अंधारात दुचाकीस्वार थेट ट्रॉलीवर आदळतो, हे सांगून वक्ते रिफ्लेक्टरच्या पट्ट्या वाटू लागले, तेव्हा एक चालक उठून म्हणाला, "पट्टी चिखलानं दोन दिवसांत बुजती की!" त्यावर चर्चा होऊन, पट्ट्या शिवलेले कापड मागच्या ट्रॉलीच्या उसावरूनच सोडावे आणि प्रत्येक खेपेआधी ते पुसावे, असे ठरले. नुसत्या व्याख्यानातून हे निघाले नसते.

हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावर करून घेतला गेला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे असते. लाल मातीतल्या पोरांचा जोर कमी पडत नव्हता, मात्र प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते, हे परिचारिकेला त्यांचे मनगट धरून शिकवावे लागले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे, ही माहितीही अनेकांची भीती घालवणारी होती.

पुराचे सत्र मात्र निराशाजनक होते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेले की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला पाठ आहे. पण घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणी, कधी आणि कशातून हलवायचे, यावर कोणी बोललेच नाही. शिवाय वेळ संध्याकाळची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची, ठेवल्यामुळे महिला तुरळक होत्या आणि भाजण्यावरचे उपयुक्त मार्गदर्शन बहुतांशी पुरुषांनीच ऐकले. पुतळा एकच असल्याने कित्येकांची पाळीही आली नाही.

एवढ्या उणिवा असूनही ट्रॅक्टरचालकांनी असे शिबिर चुकवू नये. महिलांसाठी मंडळाने दुपारची वेगळी तुकडी ठेवावी.